पहिला गेमिंग पीसी जोडताय? या चुका टाळा

बारावीचे निकाल लागले की ओळखीतल्या घरांतून माझ्याकडे कोटेशनं यायला लागतात. दुकानातून आणलेला कागद असतो, त्यावर पेनाने लिहिलेलं असतं : 'आय५, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स', आणि खाली एकच आकडा, चाळीस ते साठ हजारांच्या मधला. प्रश्न ठरलेला : "काका, घेऊ का?"

त्या कागदावरून हो किंवा नाही सांगताच येत नाही. पहिली चूक तिथेच होते.

'आय५' हे पूर्ण नाव नाही

इंटेल आय५ नावाने २००९ पासून प्रोसेसर विकते आहे. २०११ सालचा आय५-२४०० हाही आय५च आणि २०२२ सालचा आय५-१२४००एफ हाही आय५च. पहिल्यात चार कोर, चार थ्रेड. दुसऱ्यात सहा कोर, बारा थ्रेड. आणि २०२२चा साधा आय३-१२१००एफ त्या २०११च्या आय५ला तर सोडाच, त्या काळच्या आय७लाही सहज मागे टाकतो. पंधरा-वीस हजारांत 'आय७ गेमिंग पीसी' अशी जाहिरात दिसली, तर आत बहुतेक वेळा असाच दहा-बारा वर्षांचा प्रोसेसर आणि रंगीत दिव्यांचं नवं कॅबिनेट असतं. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही नव्या पीसीतली सुरक्षेची सोय मागतो. म्हणजे असा पीसी आणला, तर मुलाला ज्या गेमसाठी तो हवा होता तोच गेम अडायचा.

म्हणून दुकानदाराकडे प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर मागा : बोर्डाचा (मदरबोर्डचा), रॅमचा, एसएमपीएसचासुद्धा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा). मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरायची असतील, तर असा कागद हातात असल्याशिवाय भावाची तुलना होतच नाही. "सगळं मिळून इतके" म्हणणाऱ्याकडून, निदान पहिला पीसी तरी, घेऊ नका.

'४ जीबी'वर भुलणं

ग्राफिक्स कार्डाची मेमरी म्हणजे त्याची ताकद, हा समज फार पक्का बसलेला आहे. २०१४चं जीटी ७३० चार जीबीतही मिळतं आणि २०१९चं जीटीएक्स १६५० पण चार जीबीचंच. पहिल्यावर आजचे गेम धड चालत नाहीत, दुसऱ्यावर १०८०पीला (फुल एचडी पडद्यावर) सेटिंग कमी करून बरेचसे चालतात. जीटी १०३०ची गंमत तर अजून वेगळी : जीडीडीआर५ मेमरीचं आणि डीडीआर४ मेमरीचं, दोन्हींचं नाव एकच, पण मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी विरुद्ध १६.८ जीबी. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय फरक कळत नाही.

आरटीएक्स ३०५०मध्येही ८ जीबीचं आणि ६ जीबीचं कार्ड वेगळं आहे. ६ जीबीच्या कार्डात कोरही कमी आणि मेमरीची वाटही अरुंद. तरी त्याला वाईट म्हणणार नाही. ते ७० वॅटवर चालतं आणि बहुतेक मॉडेलना एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. घरात ऑफिसचा बरा पीसी पडून असेल, तर त्यात बसवायला ते योग्य. नवीन पीसी जोडताना मात्र आरएक्स ६६००च्या तोडीचं, ८ जीबीचं कार्ड हे मी किमान धरतो.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात दिसलं तर आधी बोर्ड बघा. ते कार्ड बोर्डाशी बोलायला पीसीआयई ४.० या वाटेच्या चारच लेन वापरतं. बी४५०सारख्या पीसीआयई ३.०च्या बोर्डावर लावलं, की तीच वाट निम्मी होते आणि चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. गेमचं रेकॉर्डिंग करायचं असेल, तर त्याचा भार उचलणारा व्हिडिओ एन्कोडरही त्यात नाही.

निवड करताना उलटीकडून या. आधी गेम कोणता, मग मॉनिटर किती हर्ट्झचा, मग कार्ड, मग त्या कार्डाला पुरेल एवढाच प्रोसेसर. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला ६० फ्रेमच (चित्रंच) दिसणार. बहुतेक जण "आय५ घेऊ की आय७?" इथून सुरुवात करतात आणि कार्डाची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो.

एसएमपीएसवर वाचवलेले पैसे

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच झालेला मी पाहिला आहे.

आमच्या शेजारच्या मुलाने रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० कार्ड घेतलं. निवड चांगली होती. एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर 'फ्री' आलेला, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत पीसी फटकन बंद. दुकानाने दोनदा विंडोज टाकून दिलं, एकदा रॅम बदलली. तीन आठवडे गेले. मी कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसचं लेबल वाचलं : +१२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः याच बारा व्होल्टवर जगतात. कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात ७६ वॅटपर्यंत. बेरीज २०८. पंखे, एसएसडी तर धरलेच नाहीत. चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस लावला आणि तेव्हापासून तो पीसी एकदाही बंद पडलेला नाही.

हा गुणाकार दुकानातच करा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४० अँपिअरहून जास्त लिहिलेले असतात. '८० प्लस'चा शिक्का फक्त वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, हे खरं. पण ज्यावर तोही शिक्का नाही, त्याच्या खोक्यावरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. मोलेक्स या जुन्या चार-पिनच्या वायरीपासून कार्डाची सहा-पिनची वायर बनवणारा जोड कुणी देऊ लागलं, तर नको म्हणा. वायर गरम होते, कनेक्टर वितळतो.

आपल्याकडे याच्या जोडीला विजेची दोन दुखणी आहेत. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना लाइट गेली आणि पीसी, मॉनिटर, स्पीकर सगळं त्याच्यावरच असलं, तर तो तिथेच हात टेकतो. त्याच्यावर पीसी आणि मॉनिटर एवढंच ठेवा आणि लाइट गेली की गेम बंद करा. दुसरं म्हणजे कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येणं. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. पीसी परत करायच्या आधी वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या.

बोर्ड आणि रॅम यांचं जुळणं

रायझनच्या जुन्या एएम४ सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, नव्या एएम५चे फक्त डीडीआर५. इंटेलच्या बारावी ते चौदावी पिढीत बोर्डानुसार दोन्ही सापडतात, म्हणून रॅम आधी घेऊन ठेवू नका. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले, की घरात असलेली जुनी डीडीआर४ची जोडी वापरता येईल असा बोर्ड निवडणं हाच शहाणपणा ठरतो. "एएम५ घेतला तर पुढे वाढवता येईल" हे बरोबर आहे. पण त्यापायी आज कार्ड एक पायरी खाली येणार असेल, तर मी एएम४च सुचवीन. ते 'पुढे' येईपर्यंत मुलगा तीन वर्षं खालच्या कार्डावर खेळतो.

१६ जीबीची एकच कांडी घेण्यापेक्षा ८च्या दोन घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात; बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं. नंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० मेगाहर्ट्झची रॅम २१३३ किंवा २४००वरच चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसतो, पहिल्याच दिवशी बघा. रायझन ५ ५६००जीसारखा, वेगळ्या कार्डाशिवाय चालणारा प्रोसेसर असेल, तर एका कांडीवर गेमच्या फ्रेम बऱ्याच कमी होतात, कारण त्याचं ग्राफिक्स रॅमच्याच जिवावर चालतं.

एसएसडीबद्दल एवढंच : विंडोज आणि गेम दोन्ही एसएसडीवर, ५०० जीबी किमान. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. पुढून बंद काच असलेलं कॅबिनेट विदर्भातल्या मे महिन्यात आतल्या पार्टना भाजून काढतं.

कुणी वापरलेलं कार्ड घेत असाल, तर विकणाऱ्याच्या घरी ते चालू पीसीत बघा, वीस मिनिटं गेम चालवा आणि जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये कार्डाचं नाव तपासा. जुन्या कार्डाचा बायोस (कार्डाची ओळख सांगणारा त्याचा आतला प्रोग्राम) बदलून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात आहेत. जीपीयू-झेड अशी बरीच कार्डं ओळखून नावापुढे 'फेक' असं दाखवतं.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

हा फोन सगळ्यात जास्त येतो. घाबरू नका, पार्ट बहुतेक वेळा जळालेला नसतो.

आधी मॉनिटरची वायर बघा. ती कार्डात हवी, बोर्डात नाही. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाचा पोर्ट मुकाच राहतो. रायझन ५ ५६००चंही तसंच. मग प्रोसेसरजवळची आठ-पिनची वायर लावली आहे का ते बघा, ती कोपऱ्यात असते आणि राहून जाते. त्यानंतर रॅम काढून, दोन्ही टोकं टक् वाजेपर्यंत दाबून पुन्हा बसवा. तरी नाही, तर एकच कांडी ठेवून बघा.

बी४५०चा जुन्या स्टॉकचा बोर्ड आणि ५०००च्या मालिकेतला रायझन असेल, तर दोष बायोसचा असू शकतो. विकत घेतानाच "बायोस अपडेट करून द्या" म्हणायचं. राहून गेलं असेल तर बोर्ड दुकानात न्या, तिथे जुना प्रोसेसर लावून अपडेट करतात.

डिस्प्ले आला, पण प्रोसेसर बायोसमध्येच नव्वद अंशांवर दिसतोय? कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढलं होतं का ते बघा. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावं लागतं. तोवर तो ६०वरच चालतो.

एएम५ आणि डीडीआर५ असेल, तर पहिल्यांदा चालू केल्यावर काळा पडदा काही मिनिटं राहतो. बोर्ड तेव्हा रॅम जुळवून घेत असतो. दहा मिनिटं थांबा, मधेच बटण दाबू नका.