सर्व्हरला ईसीसी रॅम कशी बसवावी आणि ती चालू आहे का, हे कसं तपासावं

कोल्हापुरातल्या एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर ५,००० रुपयांची ठेव मेमरीत आहे, असं धरा. त्या आकड्यातला एकच बिट ० चा १ झाला, तर ५,००० चे १३,१९२ होऊ शकतात. संगणक बंद पडत नाही, स्क्रीनवर काही येत नाही आणि रात्रीच्या बॅकअपमध्येही तोच चुकीचा आकडा जातो. अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे न्यूट्रॉन किंवा कमजोर झालेली चिप, कशानेही हे घडतं. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ सालचा अभ्यास सांगतो की वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम स्टिकमध्ये चुका आढळल्या. दुसऱ्यांचे पैसे ज्या मशीनवर आहेत, तिथे साधी रॅम वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ईसीसी म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करणारी रॅम सहसा दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवते. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेल्या पद्धतीतून आलेली ही युक्ती आहे: एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं.

खरेदीला निघण्याआधी प्रोसेसर आणि मदरबोर्ड बघा. झिऑन आणि एपिक या सर्व्हर प्रोसेसरना अडचण नाही. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या बऱ्याच कोअर प्रोसेसरना ईसीसी चालते, पण बोर्डवर डब्ल्यू६८० सारखा वर्कस्टेशन चिपसेट लागतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये बरंचसं बोर्डवर अवलंबून असतं. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये ‘ईसीसी’ स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, दुकानदाराच्या ‘चालतंय की’वर जाऊ नका.

मग स्टिकचा प्रकार. छोट्या सर्व्हरना बहुतेक ‘अनबफर्ड’ ईसीसी लागते, मोठ्यांना ‘रजिस्टर्ड’ (म्हणजे सिग्नल सांभाळणारी वेगळी चिप असलेली). एकीच्या जागी दुसरी चालत नाही. राजारामपुरीतल्या दुकानात हातोहात मिळते ती बहुधा साधी रॅम असते, त्यामुळे ऑर्डर देताना प्रकार लिहूनच द्या. स्टिक हातात आल्यावर काळ्या चिप मोजा. डीडीआर४ या पिढीच्या साध्या स्टिकवर एका बाजूला सहसा आठ असतात, ईसीसीवर नऊ. डीडीआर५च्या जाहिरातीतल्या ‘ऑन-डाय ईसीसी’ला मात्र भुलू नका. ती फक्त चिपच्या आतल्या चुका सांभाळते. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक तिला दिसत नाही.

बसवणं सोपं आहे. मशीन बंद करून वायर काढा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मॅन्युअलमधल्या क्रमाने स्लॉट भरा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मशीन असेल तर स्लॉटमधली बारीक धूळ आधी ब्लोअरने उडवा. ईसीसीच्या जोडीला साधी स्टिक लावू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ईसीसीचा पर्याय असेल तर चालू करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात: ईसीसी खरंच चालू आहे का? बोर्डला जमत नसेल तरी अनेकदा मशीन तक्रार न करता सुरू होतं आणि नववी चिप नुसती बसून राहते. लिनक्सवर ‘डीएमआयडिकोड’ (dmidecode) या कमांडने मेमरीची माहिती काढा. डीडीआर४ला ‘टोटल विड्थ’ ७२ आणि ‘डेटा विड्थ’ ६४ दिसायला हवी. पण त्यातून स्टिक बरोबर आहे एवढंच कळतं. खरा पुरावा म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत मेमरीच्या चुका टिपणाऱ्या ‘ईडॅक’ (EDAC) ड्रायव्हरने मेमरी कंट्रोलर ओळखल्याची ओळ. ती नसेल तर बायोस अपडेट करून पुन्हा बघा.

शेवटी चुकांची नोंद ठेवणारा ‘रासडीमन’ (rasdaemon) हा प्रोग्राम बसवा आणि महिन्यातून एकदा दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा वाचा. क्वचित एखादी चूक दिसली तर काळजी नको. एकाच स्लॉटवर आकडा वाढतच असेल तर स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. चुका स्टिकबरोबर गेल्या तर ती वॉरंटीत बदलून घ्या, जुन्याच स्लॉटवर राहिल्या तर बोर्ड तपासायला द्या.