सर्वेक्षणाचं रिग्रेशन आलेखापर्यंत न्यायचं कसं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतली (2019-21) महिलांची फाईल तुम्ही आर या सांख्यिकीच्या संगणक-भाषेत उघडली आहे आणि रक्तक्षयावर लॉजिस्टिक रिग्रेशन (‘आहे की नाही’ अशा उत्तराशी कोणत्या गोष्टीचा किती संबंध आहे ते मोजायची पद्धत) करायचं आहे, असं धरून चालते.

व्ही005 हा वेटचा, म्हणजे प्रत्येक ओळीला किती वजन द्यायचं त्याचा, रकाना दहा लाखांनी भागा. सर्व्हे पॅकेजमध्ये डिझाइन बांधताना क्लस्टर (नमुन्यात निवडलेल्या वस्त्या), स्ट्रेटा (निवडीआधी पाडलेले गट) आणि वेट तिन्ही द्या. फक्त 15 ते 19 वयाच्या मुली हव्या असतील, तर आधी सगळ्या फाईलचं डिझाइन बांधा आणि मगच सबसेट करा. आधी ओळी गाळल्या तर काही क्लस्टर पूर्ण गायब होऊ शकतात आणि स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळू शकतो त्याचं माप) चुकते. संपत्ती निर्देशांक (रकाना व्ही190) 1 ते 5 आकड्यांत असतो, त्याला फॅक्टर करा, म्हणजे आरला ते आकडे नसून गट आहेत हे कळेल. मॉडेल त्याच पॅकेजच्या एसव्हीवाय-जीएलएम फंक्शनने, त्यात फॅमिली क्वासीबायनोमियल द्या.

इथपर्यंत कुणीही पोचतं. घोळ पुढे होतो.

मॉडेलचा तक्ता करून देणाऱ्या ब्रूम पॅकेजच्या टायडी फंक्शनला ‘एक्स्पोनेन्शिएट’ सांगितलं की लॉगमधल्या सहगुणकांचे ऑड्स रेशो (एका गटातली शक्यता दुसऱ्याच्या किती पट, त्याचं माप) होऊन येतात. पण शेजारचा स्टँडर्ड एररचा रकाना जसाच्या तसा लॉगमध्येच राहतो! दोन वेगळ्या मापांतले आकडे एकाच ओळीत बसलेले असतात आणि कुठेही सूचना येत नाही. मी ते न पाहता रेशोमध्ये 1.96 गुणिले एरर मिळवून आणि वजा करून कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या (खरा आकडा ज्या टप्प्यात असावा त्याच्या) रेषा काढल्या होत्या. समजा सहगुणक 0.69 आणि एरर 0.30 आहे. रेशो येतो 1.99. माझ्या पद्धतीने रेषा 1.41 ते 2.58 अशी निघाली. दिसायला अगदी नीटनेटकी, दोन्ही बाजूंना सारखी. खरी रेषा 1.11 ते 3.59 आहे. म्हणजे अंदाज जितका पक्का नव्हता तितका मी दाखवला, आणि तो तक्ता अहवालाच्या मसुद्यात गेलाही. छापण्याआधी एका सहकाऱ्याने विचारलं, “ऑड्स रेशोची रेषा दोन्हीकडे सारखी कशी?” तो प्रश्न मी आजही प्रत्येक तक्त्याला विचारते.

म्हणून नियम एकच: आधी लॉगमध्ये दोन्ही टोकं काढा, मग टोकांचं एक्स्पोनेन्शियल घ्या. टायडीलाच कॉन्फिडन्स इंटरव्हल मागितलं तर तो हे बरोबर करतो. स्टँडर्ड एररचा रकाना तिथेच काढून टाका. ‘राहू दे, लागेल कधीतरी’ हा सल्ला ऐकू नका. तो लागतो तेव्हा चुकीच्या जागीच लागतो.

दुसरी गोष्ट संदर्भगटाची. ‘सर्वांत गरीब’ हा गट मॉडेलच्या तक्त्यात नसतोच, कारण बाकीचे त्याच्याशीच ताडलेले असतात. त्याची ओळ हाताने घाला: रेशो 1, दोन्ही टोकं रिकामी. ती नसेल तर वाचणाऱ्याला ‘कोणापेक्षा दुप्पट?’ हे कळत नाही. इंटरसेप्टची (मॉडेलच्या सुरुवातीच्या स्थिर आकड्याची) ओळ मात्र काढून टाका, आलेखात त्याचं काही काम नाही.

‘व्ही190’ला चिकटलेली गटांची नावं सुटी करून मराठीत लिहा आणि फॅक्टरचा क्रम स्वतः ठरवा. आलेख काढणारं जीजीप्लॉट पॅकेज साधी अक्षरं अकारविल्हे लावतं आणि आडव्या आलेखात पहिला गट तळाशी ठेवतं, तेव्हा क्रम उलटा द्या.

मग पॉइंटरेंज (ठिपका आणि त्याची रेषा), 1 वर तुटक रेघ, आणि अक्ष लॉगचाच. साध्या अक्षावर 1 पासून 2 जितका लांब दिसतो त्यापेक्षा 0.5 जवळ दिसतो, प्रत्यक्षात दोन्हींचा परिणाम तेवढाच असतो. पाठवण्यापूर्वी कुठलीही एक ओळ कॅल्क्युलेटरवर काढून ताडून बघा.