मोठ्या साहेबांचा पगार लावताना या चुका टाळा

आस्थापना टेबलावर बरीच वर्षं काढली, नागपुरातल्याच एका स्थानिक स्वराज्य संस्थेत. एक गोष्ट कायम पाहिली राजेहो, शिपायाची वेतननिश्चिती, म्हणजे मूळ पगाराचा आकडा ठरवणं, चार जण तपासतात आणि वर्ग 1 च्या अधिकाऱ्याची फाईल मात्र सरळ सहीला जाते, कारण साहेबांना कागद कोण मागणार. तिथेच घोळ सुरू होतो आणि तो सापडतो तेव्हा साहेब रिटायरमेंटला आलेले असतात, पेन्शन केस अडकलेली असते.

सगळ्यात जास्त गडबड पदोन्नतीच्या वेळी होते. उदाहरण घ्या, अधिकारी एस-20 मध्ये (सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातली पगाराची लेव्हल) 69000 वर आहे आणि एस-23 मध्ये प्रमोशन झालं. आधी जुन्याच लेव्हलमध्ये एक वेतनवाढ द्यायची, म्हणजे 71100, मग एस-23 च्या रांगेत तेवढा आकडा किंवा त्याच्या वरचा जो पहिला असेल तो, म्हणजे 71800. बरेच जण काय करतात, 69000 वरून थेट नव्या लेव्हलचा पुढचा आकडा म्हणजे 69700 लावून मोकळे होतात, किंवा 71800 बरोबर लावून वर अजून एक वेतनवाढ देऊन टाकतात. दोन्ही चूक. आणि विकल्पाचं तर कोणी सांगतच नाही. प्रमोशनच्या तारखेपासून निश्चिती हवी की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, हे अधिकाऱ्याने एक महिन्याच्या आत लिहून द्यायचं असतं. वेतनवाढ दोन-तीन महिन्यांवर असेल तर तोवर 69700 घ्यायचे आणि त्या तारखेला दोन वाढी धरून 74000 वर जायचं, हे बहुतेक वेळा फायद्याचं पडतं. महिना उलटला की मग अर्जावर अर्ज. म्हणून प्रमोशन ऑर्डरसोबतच विकल्पाचा फॉर्म हातात द्या, पोच घ्या, सर्व्हिस बुकात नोंद करा.

टाइमबाउंडचंही तसंच. 10, 20, 30 वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेत वरची लेव्हल आधीच मिळाली असेल आणि नंतर त्याच लेव्हलच्या पदावर प्रमोशन झालं तर वेतननिश्चितीचा लाभ परत द्यायचा नसतो. एका केसमध्ये तो दुसऱ्यांदा दिलेला माझ्याच हातून सुटला होता, अजून वाईट वाटतं.

आता भत्ते. घरभाडं फक्त मूळ वेतनावर निघतं, डीए मिळवून नाही. सातव्या आयोगात एक्स, वाय, झेड वर्गांतल्या शहरांना 24, 16, 8 टक्क्यांनी सुरुवात झाली, नागपूर वाय मध्ये, म्हणजे 56100 वर 8976. डीए ठरावीक टप्प्यांच्या वर गेला की दर वाढतात, पण त्याचा आदेश फाईलला लागला पाहिजे. आणि गंमत बघा, वाहतूक भत्त्याला मात्र नागपूर नागरी समूह मुंबई-पुण्याच्या बरोबरीने वरच्या दरात येतो, एस-20 आणि वर 5400. त्यामुळे एका भत्त्याचा तक्ता बघून दुसरा लावू नका. सिव्हिल लाईन्समध्ये बंगला मिळालाय तर घरभाडं बंद, नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील आणि एकाच्या नावावर क्वार्टर असेल तर दोघांचंही बंद. घर ते ऑफिस सरकारी गाडी असेल तर वाहतूक भत्ता नाही. बंगल्याचा ताबा घेतल्याची तारीख पगार बिलाच्या टेबलावर कोणी कळवतच नाही, मग वर्षभराचं घरभाडं जास्त जातं.

प्रतिनियुक्तीवर, म्हणजे दुसऱ्या खात्यातून काही काळासाठी आलेल्या अधिकाऱ्यांचं एलपीसी (आधीच्या ऑफिसचा शेवटच्या पगाराचा दाखला) आल्याशिवाय पगार काढू नका, तोंडी आकड्यावर तर अजिबात नाही. रजा वेतन आणि पेन्शनचं अंशदान आपल्या संस्थेला भरावं लागतं, ते बजेटमध्ये धरा. आणि नवं पद किंवा वरची श्रेणी सभेत ठराव झाला म्हणून लागू होत नाही, शासनाची मंजुरी लागते, शिवाय आस्थापना खर्चाची 35 टक्क्यांची मर्यादा आहेच.

चूक आधीच झालीय तर काय? बरेच जण म्हणतात सुप्रीम कोर्टाने वसुली बंद केली. पूर्ण खरं नाही. 2014 च्या रफिक मसीह निकालात वर्ग 3 आणि 4 ला, रिटायर झालेल्यांना किंवा वर्षभरात होणाऱ्यांना, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम गेली असेल तिथे वसुलीपासून संरक्षण आहे. पण 2016 च्या जगदेव सिंग निकालात कोर्टाने सांगितलं की सुधारित वेतन घेताना जास्त गेलं तर परत करीन असं हमीपत्र अधिकाऱ्याने दिलं असेल तर रिटायर झाल्यावरही वसुली होऊ शकते. म्हणून आधी ते हमीपत्र सर्व्हिस बुकात आहे का बघा. मग महिनावार ड्यू-ड्रॉन तक्ता करा, किती देय होतं, किती दिलं. अधिकाऱ्याला लेखी कळवून म्हणणं मांडायची संधी द्या, त्याशिवाय कपात सुरू करू नका, नाहीतर कोर्टात पहिल्याच तारखेला अडकाल. पुढचा पगार मात्र लगेच बरोबर आकड्यावर आणा, जुन्या वसुलीचा निर्णय होईपर्यंत थांबलात तर तक्ता दर महिन्याला वाढत जातो.

हे सगळं रिटायरमेंटच्या दोन वर्षं आधी करा. शेवटच्या सहा महिन्यांत सर्व्हिस बुक उघडलं तर ऑडिटवाले जुने आदेश मागतात आणि ते ज्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत तिथला माणूसही तोवर रिटायर झालेला असतो.