जेटचं टाइप रेटिंग: सोलापुरातून शाळा निवडताना

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला जाणारं फ्लाय-९१ चं एटीआर ७२ टर्बोप्रॉप आहे. स्टार एअरचं एम्ब्रायर जेट आहे. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना, हातात आलं तरी यांतलं कुठलंच विमान लगेच उडवता येत नाही, त्या त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवण्याची पात्रता, वेगळं काढावं लागतं. सीपीएलपायी घरचे पैसे संपत आलेले असतात आणि वर हा खर्च येतो. तो पुन्हा लाखांतच, शहरातला छोटा फ्लॅट बुक करावा तसा. म्हणून शाळा शोधण्याआधी एक गोष्ट पक्की करा: नोकरी कुणाकडे मागणार?

विमान कंपनी आधी, विमान त्यानंतर आणि शाळा सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे अडकतात. इंडिगो आणि एअर इंडियाकडे एअरबस ए३२० कुटुंबातली विमानं मोठ्या संख्येनं आहेत, आकासाकडे फक्त बोइंग ७३७ मॅक्स आहेत. ए३१८ ते ए३२१ यांना एकच रेटिंग चालतं, जुन्या आणि निओ (नव्या इंजिनांच्या) विमानांतला फरक वेगळ्या छोट्या प्रशिक्षणात शिकवतात. ७३७-८०० आणि मॅक्स यांचंही तसंच आहे. पण एअरबसचं रेटिंग घेऊन बोइंगवाल्या कंपनीत गेलात तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. अनेक कंपन्या रेटिंग नसलेल्या सीपीएलधारकांना निवडून आपल्या पसंतीच्या केंद्रात पाठवतात. तसं निवडपत्र मिळालं असेल तर शाळा कंपनीच ठरवते. पत्र नसताना स्वतःच्या पैशानं रेटिंग काढायचं असेल, तर त्या कंपनीच्या भरतीच्या जाहिरातीत ‘रेटिंग असलेले’ उमेदवार खरंच मागितले आहेत का आणि त्यांच्याकडून प्रत्यक्ष विमानावरचे किती तास अपेक्षित आहेत, हे बघा. तासांची अट असेल तर नुसतं सिम्युलेटरवरचं रेटिंग तिथं उपयोगी पडणार नाही.

आता मान्यता. डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी असते. तिथं संस्थेचं नाव, कुठल्या विमानासाठी मान्यता आहे आणि तिची मुदत, या तिन्ही गोष्टी स्वतः वाचा. माहितीपुस्तिकेत ‘डीजीसीए मान्यताप्राप्त’ छापलं म्हणजे तुमच्या विमानासाठी मान्यता आहे असं नव्हे. संस्थेला मान्यता वेगळी असते आणि सिम्युलेटरच्या यंत्राला वेगळी. सिम्युलेटर स्वतःचा आहे की दुसऱ्या केंद्राचा तासावर भाड्यानं घेतलेला, हेही विचारा. भाड्याचा असेल तर वेळापत्रक त्या दुसऱ्या केंद्राच्या हातात असतं. परदेशातल्या स्वस्त केंद्राचा विचार असेल तर तिथलं प्रशिक्षण, तो सिम्युलेटर आणि चाचणी घेणारा परीक्षक हे तिन्ही डीजीसीए स्वीकारणार का, याचं लेखी उत्तर आधी मिळवा. पुण्या-मुंबईच्या सल्लागारामार्फत जात असाल तरी करार थेट संस्थेशी करा आणि पैसे संस्थेच्याच खात्यावर भरा.

अभ्यासक्रमाचा सांगाडा सगळीकडे साधारण सारखा असतो. दोन-तीन आठवडे ग्राउंड स्कूल, त्यात विमानाच्या यंत्रणा, कामगिरीची गणितं आणि परीक्षा. मग न हलणाऱ्या ट्रेनरवर प्रक्रिया पाठ करणं आणि शेवटी सहा अक्षांत हलणारा फुल फ्लाइट सिम्युलेटर. तो लेव्हल डी असावा, ती सर्वांत वरची श्रेणी आहे. एक सत्र चार तासांचं, त्यात दोन शिकाऊ पायलट: दोन तास तुम्ही विमान उडवता, दोन तास दुसरा. म्हणून ‘आमच्याकडे ३२ तास सिम्युलेटर’ असं ऐकलं की लगेच विचारा, त्यातले माझ्या हातात किती? उत्तर बहुतेक वेळा १६ निघतं. त्यात गैर काही नाही, पण दोन शाळांची तुलना करताना एकीचे एकूण तास आणि दुसरीचे हातातले तास शेजारी मांडले की हिशेब चुकतो. ‘ड्राय’ तास म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवायचे, ‘वेट’ म्हणजे त्याच्यासह. दरपत्रकात हा शब्द शोधा.

सत्रात नेमकं काय होतं ते जवळून पाहिलं तर शाळेची पारख होते. व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर उड्डाण रद्द करता येत नाही त्या वेगाला, इंजिन बंद पडण्याचा सराव उदाहरणाला घ्या. ए३२० चं नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळू लागतं. रडरवर पाय देऊन ते धावपट्टीच्या मध्यरेषेवर धरायचं, रोटेशनला, म्हणजे नाक उचलताना, घाई न करता ते साधारण साडेबारा अंशांवर आणायचं, जमीन सुटल्यावर पडद्यावरची, विमान बाजूला किती घसरतंय ते दाखवणारी निळी बीटा खूण मध्ये आणायची, मग ट्रिम, म्हणजे पायावरचा दाब कमी करणारी जुळवणी. नवशिक्या पायलटच्या दोन चुका ठरलेल्या असतात: पाय उशिरा येतो, आणि आल्यावर गरजेपेक्षा जास्त येतो, त्यामुळे विमान दुसऱ्या बाजूला ढकललं जातं. हे सुधारायला पाठोपाठ पाच-सहा वेळा तेच करावं लागतं. चांगला इन्स्ट्रक्टर सिम्युलेटर परत धावपट्टीच्या तोंडाशी आणून लगेच पुढची फेरी देतो. घाईतला इन्स्ट्रक्टर एकदा ‘जमलं’ म्हणून यादीतला पुढचा प्रकार काढतो. म्हणून शाळेला सत्राच्या मूल्यमापनाचा कोरा फॉर्म मागा. प्रत्येक प्रकारापुढे श्रेणी, ‘पुन्हा करणे’ असा रकाना आणि इन्स्ट्रक्टरच्या शेऱ्याला जागा असेल तर तिथं शिकवण्याची शिस्त आहे. नुसत्या बरोबरच्या खुणांचा कागद दाखवला तर सावध व्हा.

इन्स्ट्रक्टर हाच या खरेदीतला खरा माल आहे. पहिली चार सत्रं तरी एकाच इन्स्ट्रक्टरकडे व्हावीत. रोज नवा माणूस आला की रोज नवी पद्धत कानावर पडते, आणि रेडिओवरच्या हाका आणि चेकलिस्टचा ठेका बिघडतो. इन्स्ट्रक्टर अजून विमान कंपनीत उडतो का, की फक्त सिम्युलेटरवर शिकवतो? दोघेही चांगले असू शकतात, पण किमान काही सत्रांत सध्याच्या कार्यपद्धती माहीत असलेला माणूस हवा. ब्रीफिंगला तासभर आणि नंतरच्या चर्चेला अर्धा-पाऊण तास हा त्यांच्या वेळापत्रकात लिहिलेला असावा. लागोपाठ सत्रं लावलेली असतील तर पहिला बळी या चर्चेचाच जातो.

वेळेचंही बघा. सिम्युलेटर रात्रंदिवस चालतात आणि दिवसाच्या वेळा बहुधा कंपन्यांच्या पायलटांना जातात. नव्या विद्यार्थ्याला रात्री दोन ते सहाची सत्रं दिली की तो झोपेत शिकतो आणि दोन सत्रांमागे एक वाया घालवतो. सगळी रात्रीची नकोत, असं लेखी मागा. जोडीदार कोण हेही आधी विचारा. तो मध्येच गळला तर समोरच्या खुर्चीत कोण बसणार आणि त्याचे पैसे कोण भरणार? यंत्र बिघडलं, चाचणीचा परीक्षक दोन आठवडे मिळाला नाही, तर मधल्या खंडानंतरचं उजळणीचं सत्र फुकट की विकत? हे प्रश्न करारातच सुटायला हवेत.

बेस ट्रेनिंग हा सर्वांत मोठा खड्डा आहे. सिम्युलेटरवरची चाचणी झाली तरी अनुभव नसलेल्या पायलटला खऱ्या विमानावर, प्रवाशांशिवाय, उड्डाणं आणि लँडिंग करावी लागतात. युरोपीय पद्धतीत ती साधारण सहा असतात. विमान शाळेकडे नसतं, कंपनीकडे असतं. इंधन, लँडिंगचं शुल्क, इन्स्ट्रक्टर असा त्याचा खर्च वेगळा निघतो. शाळेच्या किमतीत हा भाग आहे की नाही आणि विमान कुठून येणार, हे न विचारता पैसे भरलेल्यांचं रेटिंग अर्ध्यावर अडकतं. लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी असलेल्या नेहमीच्या फेऱ्यांवरचं प्रशिक्षण, तर फक्त कंपनीच देऊ शकते. ‘आम्ही नोकरी लावतो’ असं कुणी म्हणालं तर कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र मागा.

खर्चाचा अंदाज घेताना शुल्कावर जीएसटी, परीक्षकाचं मानधन, डीजीसीएचं शुल्क, जादा सत्रांचा दर, राहणं-खाणं हे स्वतंत्र ओळींत लिहून द्यायला सांगा. किमान दोन जादा सत्रांचे पैसे बाजूला ठेवा. जादा सत्र लागणं नामुष्कीचं नसतं, पण पैसे नाहीत म्हणून कच्च्या तयारीनं चाचणीला बसणं महागात पडतं. सात रस्त्यावरच्या बँकेत शैक्षणिक कर्जासाठी जाताना हाच ओळवार कागद लागतो, आणि आई-वडिलांना समजावायलाही तोच उपयोगी पडतो. हप्ते ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर आणि चाचणी अशा टप्प्यांना बांधा, सगळी रक्कम आधी देऊ नका.

प्रशिक्षण केंद्रांच्या शहरांपैकी सोलापूरहून जवळचं हैदराबाद, रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या आसपास, रेल्वेनं हुसेनसागर एक्सप्रेस. बेंगळुरूला उद्यान, दिल्लीकडच्या गुरुग्राम आणि नोएडाला कर्नाटक एक्सप्रेस. अंतर मात्र निवडीचं कारण करू नका, कारण महिना-दीड महिना तिथंच राहायचं असतं. एकदा जाऊन या, सत्र संपवून बाहेर पडणाऱ्या दोन शिकाऊ पायलटांशी बोला. ए३२० च्या सिम्युलेटरमध्ये इंजिन कुठलं आहे तेही बघा: सीएफएम ५६ वर जोर एन-वनवर (पंख्याच्या वेगावर) बघतात, व्ही२५०० वर ईपीआरवर (इंजिनातल्या दाबांच्या गुणोत्तरावर). ज्या कंपनीत जायचंय तिच्या विमानाला जवळचं असेल तर बरं.

ग्राउंड स्कूल सुरू होण्याआधी घरच्या भिंतीवर कॉकपिटचा मोठा छापील फलक लावून बसा. बटणांचा क्रम बोटांना पाठ व्हायला हवा, सिम्युलेटरचे महागडे तास बटण शोधण्यात जाऊ नयेत. तीन अंशांच्या उतरणीला जमिनीवरच्या वेगाला पाचानं गुणलं की मिनिटाला किती फूट उतरायचं ते कळतं, १४० नॉटला ७००. असे हिशेब चालता-बोलता करता यायला हवेत.

परतीची गाडी पकडण्याआधी हातात हे असू द्या: अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, प्रत्येक सत्राच्या नोंदीची प्रत, परीक्षकाच्या सहीचा चाचणी फॉर्म, आणि लॉगबुकमध्ये सिम्युलेटरचा ओळख क्रमांक व तास, शिक्क्यासह. यातला एखादा कागद राहिला तर तो मिळवायला पुन्हा त्याच गावी जावं लागतं आणि तोवर डीजीसीएकडचा अर्ज अडून राहतो.