स्त्री-कर्करोग संशोधनातील पद्धतशीर आढावे : नवोदितांसाठी काही अनुभव

स्त्रियांच्या प्रजनन-अवयवांच्या कर्करोगावर संशोधन करू लागलेल्यांच्या वाट्याला सुरुवातीला बहुधा पद्धतशीर आढाव्याचे, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, पारखून एकत्र मांडण्याचे काम येते, आणि शेकडो शोधनिबंध चाळून शेवटी ‘पुरावा अपुरा आहे’ एवढेच हाती लागले, की श्रम वाया गेल्यासारखे वाटते. या कामात राहून माझे मत मात्र असे झाले आहे, की पुरावा नेमका कुठे आणि कशामुळे अपुरा पडला हे सांगणारा आढावा ओढूनताणून काढलेल्या निष्कर्षापेक्षा कितीतरी उपयोगी असतो.

मूळ अभ्यासांत जे नाही, ते काटेकोर पद्धतीनेही निर्माण होत नाही. प्रगत अंडाशय-कर्करोगात लसिकाग्रंथी सरसकट काढल्यास रुग्ण अधिक जगतात, असे जुन्या नोंदींवरील अनेक अभ्यास सुचवत होते. पण मोठी शस्त्रक्रिया मुळात सशक्त प्रकृतीच्या स्त्रियांवरच अधिक होत असते, आणि त्या तशाही अधिक जगण्याची शक्यता असते. असे अभ्यास कितीही एकत्र केले तरी हा दोष जात नाही, उलट बेरजेतला आकडा अधिकच ठाम दिसू लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लायन’ या ६४७ स्त्रियांच्या यादृच्छिक चाचणीत (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या चाचणीत) ग्रंथी काढल्याने आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही, गंभीर गुंतागुंत मात्र वाढली.

याउलट, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचारासोबत केमोथेरपी देण्याविषयी २००८ मध्ये झालेल्या विश्लेषणात १३ यादृच्छिक चाचण्यांतील एकेका रुग्णाची माहिती एकत्र केली होती, आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेल्याचे त्यातून दिसले. इतका भक्कम पाया दुर्मीळ असतो. योनिमुखाच्या कर्करोगासारख्या विरळा आजारात तर चाचण्याच मोजक्या आणि लहान असतात.

म्हणून कोणताही आढावा हाती घेतल्यावर सारांशाआधी ‘ग्रेड’ या पुराव्याची प्रतवारी करणाऱ्या पद्धतीने दिलेली पुराव्याची खात्री पाहावी, आणि ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा लावण्यापूर्वी विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांदरम्यान असू शकतो त्या मर्यादा, किती रुंद आहेत ते तपासावे. स्वतः आढावा करताना आराखडा ‘प्रॉस्पेरो’ या आढाव्यांच्या खुल्या नोंदवहीत आधीच नोंदवावा, कारण निकाल पाहून प्रश्न बदलण्याचा मोह खरोखरच मोठा असतो. निष्कर्ष अनिर्णित राहिला, तर पुढची चाचणी कोणत्या रुग्णांवर, कोणत्या तुलनेसाठी आणि कोणते परिणाम मोजून व्हावी, हे स्पष्ट लिहावे. त्या परिणामांत रुग्णाच्या जीवनाची गुणवत्ता आवर्जून असावी, कारण नेमकी तीच नोंद अनेक अभ्यासांत सापडत नाही.