बोटीचा ब्लॉक ट्रकला बसवायचाय? आधी वॉटर प्लग काढा

कोकणातून भंगारात आलेला लेलँडचा ६ सिलिंडर ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य लोखंडी सांगाडा, स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच टेम्पोत टाकू नका बरं का. ट्रकमध्ये आणि मच्छीमार बोटीत मूळ इंजिन बरेचदा एकच असतं हे खरंय, पण घोळ होतो तो पाण्यात.

पहिलं विचारायचं, समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत होतं का मधे हीट एक्सचेंजर होता, म्हणजे दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा डबा. थेट फिरत असेल तर खाऱ्या पाण्यानं ब्लॉक आतून गंजलेला असतो, फुकट दिला तरी नको. एक्सचेंजर असेल तर खारं पाणी तिथंच राहतं, ब्लॉकला गोडं पाणी नाहीतर कूलंट. आता विकणारा काय वाट्टेल ते सांगतो, म्हणून त्याच्यासमोरच बाजूचे वॉटर प्लग, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांची झाकणं, काढा, टॉर्च मारा आणि स्क्रू ड्रायव्हरने आतली भिंत ठोकून बघा. मी एकदा हे न करता उचलला, सोलापुरात अक्कलकोट रोडला गॅरेजवर आणून ठोकलं तर कडक भाकरीसारखे पापुद्रे निघायला लागले आणि चौथ्या सिलिंडरजवळ स्क्रू ड्रायव्हर आरपारच गेला की हो.

ब्लॉक चांगला निघाला तरी प्रेशर टेस्ट कराच, म्हणजे दाब देऊन कुठं गळतंय का ते कळतं; लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आणि त्याच्या ओ-रिंग (रबरी कडी) नवे टाका.

बोटीचा पाण्याचं जॅकेट असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारा पाइप), रबरी इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पंख्याचा) पंप, एक्सचेंजर हे सगळं बाजूला काढा. सम्प (खालची ऑइलची टाकी) आणि फ्लायव्हील हाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्समधलं कव्हर) ट्रकचंच लावा, नाहीतर सम्प चासीच्या आडव्या पट्टीला, क्रॉस मेंबरला घासतो आणि गिअरबॉक्सचे बोल्ट जुळत नाहीत. इंजिनला डिझेल मापून देणारा डिझेल पंप पण ट्रकच्या सेटिंगने कॅलिब्रेट करून घ्या, बोट तासन्तास एकाच आरपीएमवर चालते, इथं पाय सारखा वरखाली.

समुद्रात गार पाणी संपत नाही, आपल्याकडं मे महिन्यात ४४ डिग्रीत सगळी भिस्त रेडिएटर आणि फॅनवर, तिथं काटकसर नको. बोअरचं पाणी ओतू नका, क्षार बसतात, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

राहिला कागद. इंजिन नंबर ब्लॉकवरच पंच असतो, ब्लॉक बदलला की आरसीशी (गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी) जुळत नाही, म्हणून मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. ब्लॉकचं पक्कं बिल घ्याच. नंबर घासून जुना पंच मारून देतो म्हणणारा एकजण भेटतोच, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.