घराचा विमा दुसऱ्या कंपनीकडे नेताना : न केलेल्या दाव्यांची माहिती कशी द्यावी

घराच्या विम्याची मुदत संपत आली की कमी हप्त्याची किंवा अधिक संरक्षण देणारी पॉलिसी शोधणे योग्यच आहे. मात्र कंपन्यांच्या दरांची तुलना करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे : चालू पॉलिसीच्या काळात आपल्या घरात असे काही घडले आहे का, ज्यातून पुढे दावा उभा राहू शकेल? छतातून एकदा झिरपलेले पाणी, भिंतीला गेलेला आणि हळूहळू रुंदावणारा तडा, शॉर्ट सर्किटने काळवंडलेला स्विचबोर्ड, जिन्यावरून घसरून पडलेला पाहुणा, शेजाऱ्याच्या भिंतीत उतरलेली ओल, या सर्वांची तारखेसह नोंद करावी. आपण दावा केला नाही म्हणजे सांगण्यासारखे काही घडलेच नाही, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते आणि कंपनी बदलताना होणारी सर्वांत महागडी चूक याच समजुतीतून होते.

घराच्या विम्यात साधारणपणे नुकसान ज्या दिवशी झाले त्या दिवशी अमलात असलेली पॉलिसी त्याची जबाबदारी घेते. पाइप जुन्या पॉलिसीच्या काळात फुटला असेल, तर नवी कंपनी ते नुकसान भरून देणार नाही, कारण विमा पुढे घडू शकणाऱ्या घटनेचा असतो, घडून गेलेल्या घटनेचा नसतो. दुसरीकडे, नुकसान लक्षात येताच शक्य तितक्या लवकर कळवावे, अशी अट जुन्या पॉलिसीत बहुधा असतेच. त्यामुळे जो माणूस काही न बोलता कंपनी बदलतो आणि सहा महिन्यांनी भिंत उघडल्यावर दावा करायला जातो, त्याची अवस्था ना इकडची ना तिकडची होते. नवी कंपनी नुकसान आधीचे असल्याचे सांगते आणि जुनी कंपनी उशिराबद्दल हरकत घेते.

म्हणून मुदत संपण्याच्या महिनाभर आधी घराची नीट पाहणी करावी. गच्ची, स्नानगृहांच्या मागच्या भिंती, पाण्याच्या टाकीभोवतीचा भाग आणि भिंतीला टेकलेल्या कपाटांच्या मागची बाजू विसरू नये. जे आढळेल त्याचे दिनांकासह फोटो काढावेत आणि मोठे नुकसान आढळल्यास ते जुन्या कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. दावा करायचा की नाही हे ठरले नसेल, तर पत्रात तसे स्पष्ट लिहिता येते. अशा नुसत्या कळवण्याचीही कंपनीच्या दप्तरी नोंद होऊ शकते आणि तिचा पुढील हप्त्यावर परिणाम होऊ शकतो, हे खरे आहे. फुटलेली काच किंवा निखळलेली फरशी, जिचा दुरुस्तीखर्च पॉलिसीनुसार दाव्यातून वजा होऊन आपण स्वतः सोसावयाच्या रकमेपेक्षाही कमी आहे, तिच्यासाठी जुन्या कंपनीकडे धाव घ्यावी असे मला वाटत नाही. पण पाणी, पाया आणि वीज या तिघांच्या बाबतीत नुकसानाचा अंदाज बाहेरून करता येत नाही. तेथे हप्त्याच्या भीतीने गप्प बसणे धोक्याचे आहे.

पडून जखमी झालेल्या पाहुण्याची किंवा शेजाऱ्याच्या नुकसानाची गोष्ट आणखी नाजूक असते, कारण तेथे दावा केव्हा करायचा हे आपल्या हाती नसते. पॉलिसीत त्रयस्थाविषयीच्या कायदेशीर जबाबदारीचे संरक्षण असेल, तर समोरच्याने अद्याप काही मागितले नसले तरी घटना लगेच जुन्या कंपनीला कळवावी. माणुसकीने चौकशी अवश्य करावी. मात्र कंपनीशी बोलण्यापूर्वी चूक मान्य करणे किंवा भरपाईचा शब्द देणे टाळावे, कारण तसे करण्यास बहुतेक पॉलिसींत स्पष्ट मनाई असते.

आता नव्या कंपनीचे प्रस्तावपत्र, म्हणजे विमा घेण्यासाठी भरायचा अर्ज. विम्याचा करार परम सद्भावाचा, म्हणजे पूर्ण प्रामाणिकपणे माहिती देण्यावर उभा असलेला, मानला जातो. इंग्लंडमध्ये 1766 साली कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हे तत्त्व मांडले. सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा तो वाद होता. विमेदाराला जे खास ठाऊक आहे ते त्याने लपवू नये, असे त्यांनी सांगितले. परंतु विमा देणाऱ्याला जे स्वतःहून कळू शकत होते ते न सांगितल्याचा दोष विमेदाराला लावता येणार नाही, असेही म्हटले आणि निकाल विमेदाराच्या बाजूने दिला. हा भेद आजही उपयोगी आहे. वादळाचा धोका असलेला प्रदेश कंपनीला नकाशावर दिसतो, तुमच्या कपाटामागची ओल दिसत नाही.

पुढे काही देशांनी ग्राहकावरील हा भार हलका केला. ब्रिटनमध्ये 2012 च्या कायद्याने घरगुती ग्राहकाने स्वतःहून सर्व काही सांगण्याचे बंधन काढले आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे चुकीची जाऊ नयेत यासाठी वाजवी काळजी घेणे पुरेसे ठरवले. इतरत्र जुना, कडक नियम लागू असू शकतो. म्हणून प्रश्नाचा प्रत्येक शब्द वाचावा. ‘गेल्या पाच वर्षांत तुम्ही दावा केला आहे का?’ आणि ‘गेल्या पाच वर्षांत तुमचे काही नुकसान झाले आहे का, मग दावा केलेला असो वा नसो?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर देऊन दुरुस्ती स्वखर्चाने केल्याचे कारण पुढे सांगता येत नाही. ‘दाव्यास कारण ठरू शकेल अशी कोणतीही परिस्थिती’ असे शब्द असतील, तर सुरुवातीला केलेली यादी बाहेर काढावी. काय घडले, केव्हा घडले, दुरुस्ती कोणती झाली आणि पुन्हा त्रास झाला का, एवढे चार ओळींत लिहावे. शंका असेल तर सांगून टाकावे. प्रामाणिक उत्तराने हप्ता थोडा वाढेल किंवा एखादी अट लागेल. माहिती दडवल्यास संपूर्ण पॉलिसी रद्द होऊ शकते. शिवाय पुढच्या प्रस्तावपत्रांत ‘कोणत्या कंपनीने तुमची पॉलिसी रद्द केली आहे का?’ हा प्रश्न येतो आणि तेथे ते खरेखुरे लिहावे लागते.

एजंट प्रस्तावपत्र भरून देत असेल, तरी सही तुमची असते. सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे, प्रत ठेवावी आणि तोंडी सांगितलेली गोष्ट ईमेलने पुन्हा कळवावी. प्रस्ताव दिल्यानंतर पण पॉलिसी सुरू होण्याआधी काही घडले, तर तेही कळवावे लागते.

नव्या कंपनीची लेखी स्वीकृती आणि सुरुवातीची तारीख व वेळ हाती आल्याशिवाय जुनी पॉलिसी रद्द करू नये, कारण मध्ये पडलेल्या एका रात्रीसाठीही कोणी जबाबदार राहत नाही. घरावर कर्ज असल्यास कर्ज देणाऱ्या बँकेला बदल कळवावा. मुदतीच्या मधेच पॉलिसी सोडताना, त्या वर्षी दावा झालेला असल्यास उरलेला हप्ता परत मिळेलच असे नाही, हेही आधी विचारून घ्यावे. जुनी पॉलिसी, हप्त्याच्या पावत्या आणि नुकसान कळवल्याची पोच मात्र फेकू नये. जखमी झालेल्या त्रयस्थाची नोटीस काही वर्षांनीही येऊ शकते आणि तेव्हा तीच जुनी पॉलिसी दाखवावी लागते.